अर्धी गोळी म्हणजे मुलाचा डोस नव्हे

रात्री बाळाचं अंग तापतं, दवाखाना बंद असतो आणि घरात मोठ्यांच्या गोळ्यांची पट्टी असते. "अर्धी दे, नाहीतर पाव दे," असं कुणीतरी सांगतंच. सल्ला मायेचा असतो, पण त्यामागचा हिशेब चुकलेला असतो.

गैरसमज : मूल म्हणजे छोटा मोठा माणूस. वजनाच्या मानानं औषध कमी केलं की झालं.

वस्तुस्थिती : वजन बघायलाच हवं, पण तेवढ्यानं भागत नाही. औषध निकामी करण्याचं काम मुख्यतः यकृत करतं आणि ते बाहेर टाकण्याचं मूत्रपिंडं. नवजात बाळात ही दोन्ही कामं पुरती सुरू झालेली नसतात. याची किंमत १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाळांनी मोजली. संसर्ग होऊ नये म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलं जाई. डोस वजनावरच काढलेला असे. तरी बाळांची पोटं फुगत, अंग राखाडी पडे, रक्तदाब घसरे आणि कित्येक बाळं दगावत. १९५९ मध्ये डॉक्टरांनी याचा औषधाशी असलेला संबंध दाखवून दिला. हे औषध निकामी करणारं एन्झाइम त्या यकृतांत पुरेसं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक डोस आधीच्या डोसावर साठत गेला होता. 'ग्रे बेबी सिंड्रोम' म्हणतात तो हाच.

पण म्हणून लहानांना नेहमी कमीच औषध लागतं, असंही नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं यकृत काही औषधं मोठ्यांपेक्षा भराभर संपवतं. फिट्सवरच्या काही औषधांचा डोस त्यांना दर किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. "एवढं कशाला?" म्हणून घरच्यांनी तो परस्पर घटवला, तर फिट्स परत येऊ शकतात.

गैरसमज : ड्रॉप्स सौम्य असतात, सिरप कडक.

वस्तुस्थिती : बहुतेकदा उलट. आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये सहसा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. '१२५'च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला २५. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं. पाच मिलिलिटर सिरप त्यात बसतं. तेवढेच ड्रॉप्स पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, मोठ्या माणसाच्या एका गोळीइतके. स्वयंपाकघरातल्या चमच्यांची मापं तर घरोघरी वेगळी. बाटलीसोबत आलेला ड्रॉपर किंवा मापाचं टोपणच वापरावं.

गैरसमज : मलम वरूनच लावायचं, त्यानं काय होणार?

वस्तुस्थिती : वजनाच्या मानानं बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा जास्त पसरलेली असते. स्टेरॉइडचं मलम डायपरखाली लावलं तर ते आणखी शोषलं जातं आणि रक्तात पोचतं.

सर्दीच्या औषधांबद्दलही हाच निष्काळजीपणा दिसतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं. तो इशारा वाचा.

डॉक्टरांना बाळाचं आजचं वजन सांगा, डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्यासाठी उघडू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध देत बसू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा.