पॅरिसची पेटी, कोल्हापूरचे टेंबे

सोलापुरात पियानो हुडकायला निघालात तर अख्खा दिवस जाईल. पेटीसाठी मात्र गल्लीसुद्धा बदलावी लागत नाही. कीर्तनात ती आहे, पूर्व भागातल्या तेलुगू भजनांत आहे, गाण्याच्या क्लासात आहे, शाळेच्या प्रार्थनेतही आहे. इतकी अंगवळणी पडली आहे की ती परदेशातून आली हे ध्यानातही येत नाही. अलेक्झांद्र दबेन या पॅरिसच्या कारागिराने 1840च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याच शहरात त्याच वेळी फ्रेडरिक शोपँ हा पोलंडहून आलेला, आजाराने खंगलेला संगीतकार श्रीमंतांच्या लेकीसुनांना पियानो शिकवून पोट भरत होता.

शोपँ 1810 साली वॉर्साजवळच्या एका खेड्यात जन्मला, विशीत देश सोडून गेला आणि 1849 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये वारला. मोठा वाद्यवृंद हाताशी घेऊन तासभराची सिम्फनी रचावी, तेव्हा मोठा संगीतकार म्हणवून घ्यावे, असा तो काळ. याने एकही सिम्फनी लिहिली नाही. जवळजवळ सगळे आयुष्य त्याने पियानोवरच्या छोट्या रचनांत घालवले. मझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यापाड्यांतला नाच. तो घेऊन त्याने पन्नासहून अधिक रचना केल्या. 1839 साली त्याचे 24 प्रील्यूड छापले गेले. त्यातला सातवा म्हणजे तीन मात्रांची सोळा आवर्तने. मिनिटभराच्या आत आटोपतो, आणि तरी अपुरा वाटत नाही.

शोपँची खरी अडचण वाद्याचीच होती. पियानोत हातोडी तारेवर पडते, सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. गळ्यासारखा तो फुगवता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येत नाही. म्हणून शोपँ शिष्यांना सांगे, की इटालियन ऑपेराचे गायक ऐका. किल्ल्यांचे वाद्य शिकायचे तर गवयांच्या पायाशी बसा, असाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे हीच गोष्ट पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी केली. 1881 साली जन्मलेले टेंबे वाढले कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या आश्रयाने थोर गवई अल्लादियाखाँ तिथे राहिले होते आणि देवल क्लब या तिथल्या संगीतसंस्थेत गाण्याबजावण्याची वर्दळ असे. पेटी ते बव्हंशी स्वतःच शिकले, गुरू मानले ते भास्करबुवा बखले यांना, म्हणजे गवयालाच. पेटीची खोड पियानोच्या उलटी. भात्यात हवा आहे तोवर तिचा सूर हटत नाही, आणि हलतही नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, तिच्यात नाहीच. मग वादक काय करतो? शेजारच्या पट्टीला निसटता कण देतो, एक बोट उचलण्याआधी दुसरे टेकवतो, डाव्या हाताने भाता मऊ करून सुराची धार कमी करतो. मींड निघत नाही, मींड ऐकल्याचा भास होतो. असे भास फार ताणता येत नाहीत. ताणले की पेटीचे लाकूड ऐकू येऊ लागते. थोडक्यात सांगून मोकळे होण्याची कला या वाद्यांच्या पोटातच आहे, असे मला वाटते.

या वाटेवर टेंबे एकटे नव्हते. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भय्या गणपतराव पेटीवर ठुमरी वाजवत, आणि मौजुद्दीनखाँसारखा ठुमरीगायक त्यांच्या तालमीतला. टेंब्यांचा कान या पूरब ठुमरीवर जडला होता. तीच त्यांनी मराठी रंगभूमीवर आणली.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880च्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती, साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली. कथा पदांतूनच पुढे सरके. चाली सहसा नाटककारच ठरवी. 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगमंचावर आणले, तेव्हा चाली बांधल्या टेंब्यांनी, आणि तेव्हापासून चाल बांधणाऱ्याचे नाव वेगळे घेतले जाऊ लागले. नायिका भामिनीच्या भूमिकेत गायकनट बालगंधर्व होते. ठुमरीत एकच ओळ वेगवेगळ्या लाडिकपणाने पुनःपुन्हा म्हणतात. टेंब्यांनी हा विस्तार काढून मुखडा तेवढा धारदार ठेवला, आणि ओळीचा अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा बेत केला. शोपँने खेड्यातल्या नाचाचे जे केले, तेच टेंब्यांनी बैठकीतल्या ठुमरीचे.

आता एक तक्रार. या पदांना मोठे केले ते आपणच. वन्स मोअरच्या आरोळ्यांनी एकेक पद लांबत जाई, आणि बालगंधर्वांसारखा गळा असल्यावर लोक तरी काय करणार? पण पद जसे बांधले होते तसे ऐकायचे असेल तर जुन्या तबकड्याच बऱ्या. एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत, त्यामुळे गायकाला मुद्द्यावर यावेच लागे. तंत्राची अडचण कधी कधी रसिकांपेक्षा चांगली संपादक ठरते.

टेंब्यांचे पुढचे आयुष्य एका जागी टिकले नाही. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले, मग बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र तेच होते आणि संगीतही त्यांचेच. 1939 साली ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक आले. गाण्याविषयी इतके डोळस मराठी लेखन त्याआधी क्वचितच झाले असेल.

त्यानंतरच्याच वर्षी, 1940 मध्ये, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. तिचे बारा सूर समान अंतरांवर बांधलेले, त्यात श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, बसत नाहीत, हा आक्षेप. तो खोटा नव्हता. दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स यांनीही पेटीवर टीकेची झोड उठवली होती, आणि रवींद्रनाथांचेही मत पेटीच्या विरोधातच होते. बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडले. टेंबे 1955 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या अखेरच्या पंधरा वर्षांत त्यांचे वाद्य रेडिओला वर्ज्य होते. आक्षेप खरा असूनही बंदी मला चुकीचीच वाटते. श्रुती लागत नाहीत हे टेंब्यांना ठाऊक नव्हते थोडेच? त्या न लावता श्रुतींची आठवण कशी करून द्यायची, यातच तर टेंब्यांची हयात गेली.

पेटीच्या एकल वादनाची परंपरा या काळातही तुटली नाही. पी. मधुकर नाट्यपदे पेटीवर वाजवत राहिले, आणि त्यांचे गोमंतकीय शिष्य तुळशीदास बोरकर यांना 2016 साली पद्मश्री मिळाली.