उंदराला लिस्टेरिया का बाधत नसे?

शीतकपाटात ठेवलेले अन्न निर्धोक असते, हा समज लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स या जीवाणूने खोटा ठरवला आहे. थंडीतही तो सावकाश वाढत राहतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसपदार्थातून त्याची साथ पसरली. हजाराहून अधिक जणांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक दगावले. गर्भवतींना त्याचा धोका विशेष. आतड्याची भिंत ओलांडून तो रक्तात उतरतो आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

ही भिंत ओलांडण्याचे साधन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पास्काल कोसार व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ मध्ये गवसले. जीवाणूच्या पृष्ठभागावरील इंटर्नलिन हे प्रथिन आतड्याच्या पेशीवरील ई-कॅडहेरिनला चिकटते आणि पेशी जीवाणूला आत ओढून घेते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत हे स्पष्ट दिसे. उंदरांत मात्र इंटर्नलिनचे जनुक काढून टाकलेला जीवाणू आणि मूळ जीवाणू सारखेच वागत. मग हे जनुक रोगकारक म्हणायचे तरी कसे?

खोट जनुकात नव्हती, उंदरात होती. मानवी ई-कॅडहेरिनच्या साखळीत सोळाव्या स्थानी प्रोलिन हे अमिनो आम्ल असते, तर उंदराच्या साखळीत तेथे ग्लुटामिक आम्ल असते. एवढ्या फरकाने इंटर्नलिनची पकडच बसत नाही, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. उंदरांना लिस्टेरिया बहुधा टोचूनच दिला जाई. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला ते पुरेसे होते. अन्नातून होणारा संसर्ग मात्र त्यातून कळणे शक्यच नव्हते.

मार्क लेक्युई आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आतड्यात मानवी ई-कॅडहेरिन असलेले उंदीर तयार केले. आता तोंडावाटे दिलेला जीवाणू भिंत ओलांडू लागला, आणि इंटर्नलिनविना तो निष्प्रभ ठरला. दशकभर अडलेला प्रश्न असा सुटला.

२००७ मध्ये जर्मन संशोधकांनी उलटी वाट धरली. उंदराऐवजी त्यांनी जीवाणूच बदलला. इंटर्नलिनमधील दोन अमिनो आम्ले बदलताच ते उंदराच्या ई-कॅडहेरिनला चिकटू लागले. युक्ती सोपी, म्हणून लोकप्रियही झाली. पण २०१३ मध्ये असे दिसून आले की, हे बदललेले प्रथिन एन-कॅडहेरिन या दुसऱ्याच प्रथिनालाही चिकटते आणि जीवाणू एरवी ज्या पेशींत शिरला नसता, त्यांतही शिरतो.