पहाटे उठावयाचे तर आदल्या रात्रीपासून

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या वस्तीत घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "उद्यापासून चारला उठत जा." मुलगाही उत्साहाने गजर लावतो. दोन दिवस उठतो, तिसऱ्या दिवशी पुस्तकावरच डोके टेकतो आणि घरची मंडळी त्याला आळशी ठरवून मोकळी होतात. वास्तविक यात आळस थोडा आणि हिशेबाची चूक मोठी असते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, प्रौढांना निदान ७ तास. रात्री साडेअकराला झोपलेल्या मुलाला चारला उठविले तर त्याच्या खात्यात साडेचार तासच जमा होतात. बँकेत बसणाऱ्या माणसाला ही तूट लगेच दिसते!

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. परळच्या चाळीतील एकच खोली, त्यातच सारा संसार. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत. सभा-समारंभांतून 'दोन वाजता उठत' एवढेच सांगितले जाते. पण भीमराव त्याआधी लवकर झोपत, हा अर्धा भाग राहूनच जातो. मुलाची झोप राखण्यासाठी वडील जागले, असा त्याचा अर्थ आहे. आज आपल्या घरात मुलाला चारला उठवा म्हणणारे आपणच रात्री अकरापर्यंत त्याच खोलीत टी.व्ही. चालू ठेवतो.

झोपेचे घड्याळ आपल्या मेंदूतच असते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, या संशोधनासाठी हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर जुळते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य शरीरात वाढू लागते व झोपेची तयारी होते. डोळ्यांसमोर मोबाईलचा उजेड असला की ही तयारी लांबते. उलट सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. म्हणून उठल्यावर उजाडताच दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात जावे. खिडकी बंद खोलीत ट्यूबलाईटखाली बसून तो परिणाम साधत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एकदम चारवर उडी मारू नका. आज सातला उठत असाल तर तीन-चार दिवस पावणेसातला उठा, मग साडेसहाला, आणि झोपण्याची वेळही तेवढीच मागे घ्या. वयात येताना हे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकते. तेव्हा कित्येकांना साडेपाचच मानवेल, त्यात कमीपणा काही नाही. रविवारी मात्र दहापर्यंत लोळू नये, आठवड्याची कमाई एका दिवसात जाते. दुपारची डुलकी वीस मिनिटांची, तीही तीनच्या आत. चहातील कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही अंगात असते, म्हणून संध्याकाळनंतरचा कप टाळावा (जागरणासाठी थर्मास भरून देणाऱ्या आयांनी हे विशेष ध्यानात घ्यावे).

दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. स्वप्नांची झोप तर बरीचशी रात्रीच्या उत्तरार्धात येते, आणि चारचा गजर नेमकी तीच कापतो. तेव्हा चारला उठावयाचेच असेल तर रात्री आठपर्यंत दिवा मालवावा लागेल. एका खोलीच्या घरात ते एकट्या मुलाच्या हातात नसते. परीक्षेपुरते तीन महिने तरी जेवण लवकर, टी.व्ही. बंद आणि पाहुण्यांशी गप्पा बाहेर ओट्यावर, असे घराने मिळून ठरवावे.

रात्रपाळी करणाऱ्यांचे गणित उलटे. त्यांच्यासाठी दिवसा खिडकीला जाड चादर लावावी आणि मिक्सर, रेडिओ यांना थोडी विश्रांती द्यावी. पुरेशी झोप घेऊनही कुणी दिवसभर पेंगत असेल, घोरताना श्वास अडकत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.