कपाटातली सीडी आणि निळ्या लेझरची लढाई

नागावच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांतल्या घरात गेलात, तर एखाद्या कपाटाच्या वरच्या खणात एक प्लास्टिकची पिशवी बहुधा सापडेल. थोरल्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, धाकटीच्या लग्नाच्या दोन व्हीसीडी, नातवाच्या बारशाची डीव्हीडी, आणि त्याच पिशवीत कोंबलेली आजोबांच्या सीटी स्कॅनची सीडी. यांपैकी काहीच लावून पाहायला आता घरात यंत्र नसते. टीव्ही भिंतीला चिकटला, प्लेयर भंगारवाल्याने नेला आणि मुलाच्या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची सोयच नाही. लग्नाचे चित्रण पुन्हा पाहता आले नाही तर हळहळ वाटेल, इतकेच. स्कॅनची सीडी उघडली नाही तर मात्र आजोबांना पुन्हा यंत्रात झोपावे लागते.

या पिशवीत एक तबकडी सहसा नसते. ती म्हणजे ब्लू-रे. तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी तर आपल्यापैकी अनेकांच्या कानावरूनही गेली नसेल. २००६ ते २००८ या काळात या दोन तबकड्यांमध्ये मोठी व्यापारी लढाई झाली. त्याच वर्षांत आपल्याकडे भारनियमनाची वेळापत्रके पाठ होती आणि वीज असेल तेवढ्या वेळात व्हीसीडीवर सिनेमा पाहिला जाई. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने अवघ्या २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा आपल्या लेखी तीच मोठी बातमी होती. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे आजच्या मोबाइलच्या पडद्यापुढे अगदीच पुसट. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावे. त्यामुळे ऐन रंगात आलेला सिनेमा थांबवून दुसरी तबकडी घालायला कुणीतरी उठायचे.

मग परदेशातल्या त्या लढाईबद्दल सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने का लिहावे? कारण दिवाणखान्यात एकमेकांशी लढणाऱ्या कंपन्यांपैकी दोन ठळक नावे आमच्या क्ष-किरण विभागातही होती, आणि तिथे त्यांना एकच भाषा बोलावी लागली. ती भाषा कोणती, हे माहीत असले तर त्या पिशवीतली सीडी वाया जात नाही.

आधी थोडे विज्ञान. तबकडीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात, गोल गोल फिरत जाणाऱ्या मार्गावर लिहिलेली असते. लेझरचा ठिपका म्हणजे ती चाचपून वाचणारे बोट. बोट जाड असेल तर अक्षरे मोठी आणि दूर दूर हवीत. ठिपका किती बारीक होईल हे दोन गोष्टींवर ठरते : प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची ताकद. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसेल असा. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटर. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोघींचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटर. सीडीवर शेजारशेजारच्या दोन मार्गांत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४, एचडी डीव्हीडीवर ०.४० आणि ब्लू-रेवर ०.३२. आमच्या भाषेत सांगायचे तर रक्तातल्या एका तांबड्या पेशीखाली सीडीचे चार-पाच मार्ग झाकले जातील आणि ब्लू-रेचे वीसहून अधिक. म्हणूनच सीडीत ७०० मेगाबाइट मावतात, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५.

हा निळा प्रकाश सहज मिळाला नाही. लाल प्रकाश देणारे छोटे दिवे १९६० च्या दशकापासून होते. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड या हट्टी पदार्थाचे निर्दोष स्फटिक वाढवावे लागले. इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी ते विद्यापीठात साधले, आणि जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी व पुढच्या दोन-तीन वर्षांत निळसर जांभळा लेझर करून दाखवला. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते निळ्या एलईडीसाठी. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात कावीळ झालेल्या बाळाला ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याच्या नव्या पिढीतही हेच गॅलियम नायट्राइड कुळ आहे. फरक इतकाच, की बाळासाठीचा प्रकाश ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, कारण बिलिरुबिन तोच चांगला शोषते. (प्लेयरमधल्या लेझरने डोळे बिघडतात का, असेही लोक विचारतात. यंत्र बंद असताना प्रकाश बाहेर येत नाही. झाकण उघडून, चालू यंत्रात डोकावून मात्र पाहू नये. घरी दुरुस्तीची हौस असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.)

गंमत अशी, की दोन्ही गटांकडे लेझर एकच होता. वेगळे होते ते भिंग आणि वरच्या पारदर्शक थराची जाडी. ब्लू-रेने जास्त ताकदीचे भिंग घेतले आणि माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे क्षमता वाढली, पण ओरखड्यांची भीती वाढली, वर कठीण लेप द्यावा लागला आणि कारखान्यांत नवी यंत्रे लागली. एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरचा थर ठेवला. एका थरात १५ गिगाबाइटच मावले, पण जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने ती काढता येई. दोन्ही बाजूंना आपापला तर्क होता. चित्राच्या दर्जात घरच्या प्रेक्षकाला फारसा फरक जाणवला नसता, असे माझे मत आहे.

लढाईचा तपशील थोडक्यात सांगतो. १९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिकची मातृकंपनी मात्सुशिता वगैरे नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. तोशिबा आणि एनईसी यांनी वेगळी वाट धरली. २००५ मध्ये तडजोडीची बोलणी झाली आणि फिसकटली. दहा वर्षांपूर्वी डीव्हीडीच्या वेळी असाच तंटा वेळीच मिटला होता; सोनी-फिलिप्सची एक आणि तोशिबाच्या गटाची दुसरी अशा दोन तबकड्यांची १९९५ मध्ये एकच तबकडी झाली. या वेळी ते जमले नाही. २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा प्लेयर ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा ब्लू-रे प्लेयर ९९९ डॉलरला. किमतीवर पाहता तोशिबा जिंकायला हवी होती. पण नोव्हेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे बसवली, आणि खेळासाठी यंत्र घेणाऱ्यांच्या घरात ती आपोआप पोहोचली. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे गेली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि पारडे फिरले. पुढच्या महिन्यात वॉलमार्टने आणि तेव्हा टपालाने तबकड्या घरपोच पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सनेही तेच केले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी, ब्लू-रेच्या घोषणेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडीचे प्लेयर घेतले होते, त्यांच्या हाती नव्या सिनेमांविना यंत्र उरले.

आता रुग्णालयाकडे वळू. सीटी स्कॅन १९७० च्या दशकात आला आणि प्रत्येक कंपनीने आपल्या यंत्रातल्या प्रतिमा आपल्याच पद्धतीने साठवल्या. एका कंपनीचा स्कॅन दुसरीच्या संगणकावर दिसत नसे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने आणि विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांच्या संघटनेने एकत्र समिती नेमली. १९८५ मध्ये पहिले मानक आले, आणि १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे आजचे नाव व रूप मिळाले. फिलिप्स स्कॅनची यंत्रे बनवते. तोशिबाही बनवत असे, तिचा वैद्यकीय विभाग पुढे २०१६ मध्ये कॅननने घेतला. म्हणजे तबकड्यांवरून एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकलेल्या या दोन कंपन्या त्याच वर्षांत रुग्णालयात मुकाट्याने एकाच डायकॉममध्ये फाइली देत होत्या. हे त्यांच्या मनाच्या मोठेपणामुळे झाले नाही. यंत्र विकत घेणारे डॉक्टर आणि रुग्णालये संघटित होती. त्यांनी ‘सर्वांना वाचता येईल असेच द्या’ असा आग्रह धरला. सिनेमा पाहणाऱ्यांची अशी संघटना कुठे असते?

म्हणून अलिबागला काढलेला स्कॅन मुंबईत जेजे, केईएम किंवा परळच्या टाटा रुग्णालयात, कोणत्याही कंपनीच्या संगणकावर उघडू शकतो. फाइल डायकॉमची असली की ती कशावर आणली याला फार महत्त्व नसते. फ्लॉपीपासून सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि पेन ड्राइव्हपर्यंत सगळ्यांना या मानकात जागा आहे. आकारही आटोक्यातला असतो : सीटीचा एक काप साधारण अर्ध्या मेगाबाइटचा, म्हणजे हजार कापांचा स्कॅनही एका साध्या सीडीत बसतो.

कच्चा दुवा आहे तो तबकडीचा. सीडीत चकाकणारा धातूचा थर लेबलच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त पातळ लाखेसारखा लेप असतो. त्यामुळे खालची बाजू आपण जपतो आणि वर बॉलपेनने दाबून नाव लिहितो, तिथेच घात होतो. घरी किंवा केंद्रात लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थरही असतो. तो ऊन आणि उष्णतेने फिका पडतो. त्यात आपली हवा. नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात पावसाळ्यात चपलांना, चामडी पट्ट्यांना बुरशी धरते. सीडीलाही ती लागू शकते : बेलीझ या दमट देशातल्या एका सीडीत जिओट्रायकम जातीची बुरशी कडेने आत शिरून थर खात गेल्याचे स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये नोंदवले. आमच्या पुस्तकांत ही बुरशी माणसाच्या आजारांच्या प्रकरणात भेटते.

सीडी उघडली नाही की काय होते, ते आम्ही बाह्यरुग्ण विभागात पाहतो. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे ठरवायला मागचा स्कॅन हवा असतो. अहवालाच्या कागदावर एक माप असते. पण ते कुठून कुठपर्यंत घेतले, हे प्रतिमेशिवाय कळत नाही. मग स्कॅन पुन्हा. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एका दिवसात. खरी गरज असेल तर हा धोका पत्करण्याजोगा असतो, पण तबकडी खराब झाली म्हणून तो का घ्यायचा? शिवाय शिरेतून द्यायचे औषध असेल तर मूत्रपिंड दुबळे असलेल्यांची काळजी वेगळी.

काही जण हुशारीने फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. तातडीच्या वेळी त्याचाही उपयोग होतो. अपघाताचा रुग्ण वाटेवर असताना तो फोटो मी स्वतः मागवतो. पण मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात. त्याच फाइलमधून डॉक्टर एकदा फुप्फुस पाहतो, छटा बदलून हाड पाहतो, पुन्हा बदलून यकृत. फोटोत जास्तीत जास्त २५६ छटा उरतात आणि जे एकदा काळे झाले ते काळेच राहते.

तेव्हा स्कॅन केंद्रात ‘डायकॉम फाइल द्या’ असे स्पष्ट मागा. सीडी दिली तर घरी येताच चालणाऱ्या यंत्रावर ती संपूर्ण उतरवून घ्या. नुसती चित्रे निवडू नका. ‘डायकॉमडिर’ नावाची जी छोटी फाइल दिसते ती साऱ्या कापांची अनुक्रमणिका आहे, तीही हवी. सीडीसोबत आलेला पाहण्याचा प्रोग्राम मुंबईच्या संगणकावर चालेलच असे नाही, पण डायकॉम वाचणारे मोफत प्रोग्राम मिळतात, त्यामुळे घाबरू नये. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मुलाच्या संगणकावर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. पेन ड्राइव्हही वर्षानुवर्षे न लावता ठेवला तर त्यातली माहिती विरू शकते, म्हणून अधूनमधून उघडून पाहावा. नाव लिहायचे तर सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या मार्करने. आणि ती लग्नाच्या कॅसेटसोबत नव्हे, कागदी अहवालाबरोबर कोरड्या डब्यात ठेवावी.

लढाईत जिंकलेल्या ब्लू-रेचे पुढे काय झाले? नेटफ्लिक्सने २००७ मध्येच, लढाई चालू असताना, इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये जिओ आल्यावर कोकण व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाइलवर गेले, मधली पायरी गाळून. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. पिशवीतली सीडी वाचू शकणारे यंत्र तालुक्याच्या गावी एखाद्या फोटो स्टुडिओत किंवा जुन्या सायबर कॅफेत अजून असते. ते आहे तोवर, या पावसाळ्याआधी, ती उतरवून घ्या.