श्वेहूदीच्या कांबी आणि छिन राजवटीचा कायदा

प्राचीन राज्यांच्या दंडनीतीविषयीं आपलें मत बहुधा दोन प्रकारच्या ग्रंथांवरून बनतें. एक, राज्य कसें चालवावें हें सांगणारे शास्त्रग्रंथ. आणि दुसरे, ती राजवट बुडाल्यावर मागून आलेल्यांनीं लिहिलेले इतिहास. जो लेख पुढ्यांत ठेवून कारकुनानें प्रत्यक्ष काम केलें, तो लेख मात्र सहसा हातीं लागत नाहीं. चीन देशांत अशा लेखांचा एक मोठा संग्रह इ. स. १९७५ च्या अखेरीस उजेडांत आला. त्याची हकीकत सांगून, आपल्या कौटिलीय अर्थशास्त्राशीं त्याचें साम्य-वैषम्य काय आहे तें येथें थोडक्यांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

हूपेइ प्रांताच्या युनमेंग परगण्यांत श्वेहूदी नांवाचें ठिकाण आहे. तेथील अकराव्या क्रमांकाच्या थडग्यांत, शवपेटीच्या आंत, मृताच्या डोक्याजवळ, उजव्या अंगास, पोटावर व पायांपाशीं मिळून १,१५५ वेळूच्या कांबी निघाल्या. प्रत्येक कांब सुमारें वीतभर किंवा थोडी अधिक लांब आणि बोटाहूनही अरुंद असून तीवर शाईनें लिहिलेलें आहे. मृताचें नांव शी. तो इ. स. पू. २६२ मध्यें जन्मला व छिन राज्याच्या परगणे-कचेऱ्यांत लेखक म्हणून राहिला. फौजदारी चौकशीचें कामही त्यानें केलें. हें सर्व त्याच संग्रहांतील एका टिपणावरून कळतें. इ. स. पू. ३०६ पासून २१७ पर्यंतच्या राजकीय घडामोडी व शीच्या घरच्या गोष्टी त्यांत वर्षवार नोंदल्या आहेत. आपल्याकडील शकावल्यांशीं परिचय असलेल्या वाचकांस त्याचें स्वरूप लगेच ध्यानांत येईल. बाकीच्या कांबींत कायद्यांचे उतारे, कायद्यांतील शब्दांवर प्रश्नोत्तरें, चौकशीच्या कागदांचे नमुने आणि दिनशुद्धीचीं पुस्तकें आहेत.

या लाभाचें महत्त्व कळण्यास एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. संपूर्ण स्थितींत टिकलेली सर्वांत जुनी चिनी दंडसंहिता म्हणजे तांग राजवटीची. तिचीं ५०२ कलमें असून तिच्यावरील अधिकृत टीका इ. स. ६५३ मधील आहे. छिन राजवटीनें इ. स. पू. २२१ त सर्व चीन एकछत्री केला व पुढें १५ वर्षांतच ती लयास गेली. तिचा कायदा नष्ट झाला. उरली ती त्याची अपकीर्ति. हान काळांतील इतिहासकार सिमा छ्येन यानें पुढील प्रसंग दिला आहे. इ. स. पू. २०९ मध्यें ९०० लोक सरहद्दीच्या पहाऱ्यास निघाले असतां पावसानें वाट अडली. उशीर झाल्यास कायद्यानें शिरच्छेदच, तेव्हां मरावयाचेंच तर बंड करून मरावें, असें म्हणून ते उठले. छिन कायद्याच्या क्रौर्याचा हा दाखला पुढें पिढ्यान् पिढ्या दिला गेला.

आतां श्वेहूदीच्या कांबींत वेठीविषयीं काय आहे तें पाहूं. ३ ते ५ दिवस उशीर झाल्यास कानउघाडणी. ६ ते १० दिवसांस एका ढालीच्या किंमतीचा दंड. १० दिवसांहून अधिक झाल्यास एका चिलखताचा. आणि पावसामुळें काम अडल्यास ती वेठच रद्द. यावरून सिमा छ्येन खोटें लिहितो असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. वेठ निराळी व सरहद्दीचा पहारा निराळा. शिवाय या नियमाचा रोख मजुरांपेक्षां त्यांस जमविणाऱ्या अधिकाऱ्यांवर असावा, असेंही कांहीं अभ्यासक मानतात. परंतु उशीर म्हणजे सरसकट मरण, ही समजूत आतां टिकत नाहीं, एवढें निश्चित.

तो कायदा सौम्य होता असें मात्र कोणी समजूं नये. पांच जणांनीं मिळून एका नाण्याची किंवा त्याहून अधिक चोरी केली, तरी डावा पाय तोडून, चेहऱ्यावर गोंदून, तटबंदीच्या मजुरीस लावीत. एका नाण्याच्याही किंमतीचीं नसलेलीं तुतीचीं पानें चोरल्यास ३० दिवसांची वेठ होती. तथापि याच संग्रहांत चौकशी करणारास अशी सूचना आहे कीं, मारहाणीवांचून सत्य काढणें हें उत्तम. आरोपी खोटें बोलतो असें दिसलें तरी त्याचें म्हणणें आधीं पूर्ण ऐकून लिहून घ्यावें. आणि मारावेंच लागलें तर तसें कागदांत नमूद करावें. क्रूर शिक्षा व नेमस्त कार्यपद्धति यांचें हें सहवास्तव्य जुन्या इतिहासांवरून कधींच कळलें नसतें.

आतां अर्थशास्त्राकडे वळूं. त्याच्या कण्टकशोधन नामक चौथ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायांत आशुमृतकपरीक्षा, म्हणजे अकस्मात् मेलेल्याच्या प्रेताची तपासणी, सांगितली आहे. प्रेतास तेल लावून तें पाहावें. गळा दाबल्याचीं, फास लागल्याचीं, विषाचीं चिन्हें कोणतीं तें ओळखावें. आणि कोणी स्वतः फास घेतला असेल तर त्याच्यावर काय अन्याय झाला होता याचा शोध घ्यावा. श्वेहूदीच्या कांबींतही फांस लागून मेलेल्या मनुष्याच्या तपासणीचा नमुना आहे. जीभ बाहेर आली आहे काय, पाय जमिनीपासून किती उंच आहेत, दोरीचा वण कसा आहे, दोरी सोडतांच तोंडानाकांतून उसाशासारखा वायु निघतो काय, हें पाहावें; आणि आत्महत्येस आधीं कांहीं कारण असलेंच पाहिजे, म्हणून घरच्यांस विचारावें. नांवांच्या जागीं केवळ क्रमदर्शक चिन्हें आहेत. म्हणजे गुजराथेंतील लेखपद्धति या संस्कृत ग्रंथांतल्याप्रमाणें हा नमुनाच होय. तसेंच अर्थशास्त्रांत कोष्ठागारांत पर्जन्यमापनाचें कुंड ठेवण्यास सांगितलें आहे, तर छिन कायद्यांत पाऊस पडतांच किती जमिनीस लाभ झाला तें लेखी कळविण्याची आज्ञा आहे.

हें साम्य पाहून कोणी कोणापासून घेतलें, असा प्रश्न करण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो टाळावा. पगारी अधिकाऱ्यांच्या हातून दूरवरचें राज्य चालवावयाचें म्हटलें कीं पीक, पाऊस आणि संशयित मृत्यू यांची वार्ता वेळेवर मिळणें दोहींकडे सारखेंच अगत्याचें. भेद आहे तो साधनांच्या जातींत. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें इ. स. १९०५ त श्यामशास्त्र्यांस उपलब्ध झाली व ग्रंथ १९०९ त छापला गेला. ती नकलेची नक्कल; राजानें काय करावें हें ती सांगते, कोणत्या राजानें काय केलें हें नव्हे. तिच्या काळाविषयीं म्हणूनच अजून वाद आहे. उलट शीच्या कांबींना स्थळ आहे, काळ आहे, धनी आहे.

हें बळ त्यांस अक्षरांमुळें आलेलें नाहीं, जागेमुळें आलें आहे. बांधलेल्या दोऱ्या कुजून गेल्या होत्या. कोणती कांब कोठें पडली होती याची नोंद राहिली म्हणून क्रम लावण्यास आधार मिळाला. इ. स. २००७ मध्यें छांगशा येथील युएलू अकादमीनें हाँगकाँगच्या बाजारांतून अशाच छिनकालीन कांबी विकत घेतल्या. त्यांत खटल्यांच्या मोलाच्या हकीकती आहेत. परंतु थडगें कोणतें व त्यांत निजलेला मनुष्य कोण, हें सांगणारें कांहीं उरलें नाहीं.

येथें आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याच्या रुमालांतून सुरेख मोडी अक्षराचें एक निवाडपत्र तेवढें आम्हीं मागून आणिलें, आणि सोबतचे हिशेबाचे चिठोरे निरुपयोगी म्हणून तेथेंच टाकून आलों. पुढें वाडा पडला व ते रद्दींत गेले. निवाडपत्र आज आमच्यापाशीं आहे. वतन कोणास मिळालें तें त्यावरून कळतें. पण तें त्यास खरोखर भोगावयास मिळालें कीं नाहीं, हें सांगणारे चिठोरे आम्हींच घालविले. संग्राहक बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं तो जसा बांधला होता तशी त्याची याद करावी, आणि कारकुनी कागद म्हणून एकही चिठोरा वेगळा काढूं नये.