अंगणातली शाळा, वसाहतीतला आधार

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. जिचे नाव या वसाहतीला मिळाले आहे, ती झाशीची राणी चित्रांतून आणि पुतळ्यांतून बहुधा पाठीशी बाळ बांधलेलीच दिसते. बदलीनिमित्त दिल्लीत आल्यावर, यजमानांना येथे मिळालेल्या सरकारी निवासस्थानात संसार थाटताना, त्या चित्राचा अर्थ मला नव्याने उमगला. कर्तव्य आणि अपत्य ही दोन्ही ओझी एकाच वेळी पेलणारी स्त्री केवळ इतिहासात नसते, ती रोज सकाळी बसथांब्यावरही उभी असते.

आमचे बाळ तेव्हा दीड वर्षाचे होते. सासूबाई तीन महिने सोबतीला होत्या. पण गुडघेदुखी आणि दिल्लीची थंडी यांपुढे त्यांचा निरुपाय झाला आणि त्या सांगलीला परतल्या. पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी आळीपाळीने रजा काढली. रजा संपत आल्या तशी मी राजीनाम्याचा मसुदा लिहून कपाटात ठेवला. शेजारच्या भाभीजींच्या ते ध्यानात आले. वसाहतीजवळच एक पाळणाघर होते. काही न बोलता त्यांनी एका सकाळी मला तेथे नेले.

तेथील सेविकेने पहिल्याच दिवशी वही उघडली आणि विचारले, "आपका बच्चा पानी को, नींद को, बाहर जाने को क्या बोलता है?" मी सांगत गेले आणि तिने देवनागरीत टिपून घेतले : मंमं, जोजो, भूर. आमच्या बाळाला हिंदीचा गंध नव्हता. म्हणून त्याने हिंदी शिकण्याची वाट न पाहता तिनेच त्याचे तीन मराठी शब्द शिकून घेतले. आठवड्याभरात त्याचे रडणे थांबले. राजीनाम्याचा कागद मात्र मी फाडला नाही. तो आजही त्या दिवसांची आठवण म्हणून जपून ठेवला आहे.

पुढे ध्यानात आले, की असे केंद्र केवळ मूल सांभाळत नाही, ते पालकांनाही सांभाळते. लसीकरणाची तारीख, दात येतानाचा ताप, न जेवणाऱ्या मुलाची चिंता, असे सारे संध्याकाळी दारातच बोलले जाई. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, आजी-आजोबांची सावली मागे सोडून आलेल्या आयांची तेथे ओळख होई. विभक्त कुटुंबात जे शहाणपण हरवते, ते अशा उंबरठ्यावर पुन्हा हाती लागते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी त्यांना दोष दिला नाही, कारण शोधले. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत होती, आईबाप मजुरीला जात होते. म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणून 'विकासवाडी' उभी केली. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभर रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्व-प्राथमिक शिक्षण आणि मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिने एका दाराशी आणल्या.

दिल्लीचाही यात वाटा आहे. १९६९ साली राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीनिमित्त बांधकाम चालू असताना धुळीत बसलेली मजुरांची बालके पाहून मीरा महादेवन यांनी तंबूतच पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था जन्मली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या अधिपत्याखालील गृह कल्याण केंद्राने पाळणाघरे, बालवाड्या व शिवणवर्ग चालविले. ब्रिटनमध्ये १९९८ साली 'शुअर स्टार्ट' या उपक्रमाने हाच विचार स्वीकारला : बालक आणि पालक यांना वस्तीतच, एकाच ठिकाणी साहाय्य.

कायद्यानेही पावले उचलली आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. २०२२ पासून 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पालना' योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघरे उभारली जात आहेत. परंतु घरकाम करणारी, भाजी विकणारी वा विटा वाहणारी आई आस्थापनेच्या नोंदवहीत येत नाही. तिच्या बाळाला वस्तीतील केंद्राखेरीज दुसरा आसरा नाही, हे विसरून चालणार नाही.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला चक्रवाढ व्याजाचे गणित परिचित आहे : ठेव जितकी लवकर, तितके फळ मोठे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगते, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. मुलांच्या नावे आपण आवर्ती ठेव उघडतो, सुकन्या समृद्धी खाते उघडतो. ते आवश्यकच आहे. परंतु त्या आधीची ठेव वेळेची, आहाराची आणि मायेची असते, आणि ती मुदतीनंतर भरता येत नाही.

म्हणून, सुजाण ग्राहकहो, एक विनंती. आपल्या वस्तीतील अंगणवाडी वा पाळणाघर कोठे आहे, हे एकदा पाहून या. घरी वापरात नसलेली खेळणी, चित्रांची पुस्तके तेथे द्या. निवृत्त असाल तर आठवड्यातून एक तास गोष्टी सांगायला जा. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना एवढेच विचारा, की "बाई, तुमचं लेकरू या वेळी कुठं असतं?" त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की पुढे काय करावे हे आपोआप सुचेल.