मेंदू आणि व्यसन (भाग ६) : शिंदी रक्तात की पेल्यात?

‘रक्तातच आहे’ हे निदान करायला डॉक्टर लागत नाही. भालकीच्या पारावर, औरादच्या बसथांब्यावर, आळंदच्या बाजारात ते कुणीही करतं. बाप प्यायचा, थोरला त्यातच गेला, आता धाकटाही त्याच वाटेला लागलाय. आणखी पुरावा कशाला हवा? मग हेच निदान घराण्यावरून जातीवर घसरतं. ईडिगांचा पिढीजात धंदा झाडाची शिंदी काढण्याचा, म्हणून शिंदी त्यांच्या रक्तात. तांड्यावर हातभट्टी लागायची, म्हणून सगळा तांडा तसलाच. गेल्या भागात आपण डोपामिनचं काम पाहिलं होतं. सुख देण्यापेक्षा ‘हे लक्षात ठेव, पुन्हा कर’ अशी नोंद मेंदूत पक्की करणं, हे त्याचं खरं काम. या भागात रक्ताच्या दाव्याकडे वळू. तो अगदीच खोटा नाही, हीच त्यातली अडचण आहे. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे आणि मोठाही आहे. पण पिणाऱ्यांपैकी कुणाला दारू सोडत नाही, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ती देते. आपल्या परिसरात इतके लोक का पितात, हा प्रश्न निराळा. दुकान बंद झाल्यावर गावातली अनेक माणसं एकाच आठवड्यात दवाखान्यात का पोचतात, हा तर त्याहून निराळा. तिन्हींना एकच उत्तर चिकटवण्याची खोड आपल्याला फार जुनी आहे.

हे पडताळून पाहायला बिदरइतका सोयीचा जिल्हा शोधूनही सापडणार नाही. १९५६ सालापर्यंत तो हैदराबाद राज्यातला एकसंध जिल्हा होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात गेले; बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. नकाशावर रेघा ओढल्या गेल्या, सोयरिकी तुटल्या नाहीत. उदगीरची मुलगी भालकीत नांदते, औरादचा मामा नारायणखेडला असतो. जनुकांच्या हिशेबाने ही माणसं परकी नाहीत; अबकारी कायदे मात्र तीन झाले. तेलंगणात शिंदी-ताडीची दुकानं रीतसर परवान्याने चालतात. कर्नाटकाने २००४ मध्ये किनारपट्टीचे जिल्हे सोडून ताडी-शिंदी बंद केली, आणि १ जुलै २००७ पासून प्लास्टिकच्या पाकिटातली स्वस्त सारायीही बंद केली. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले आकडे पाहा. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे तेलंगणात सुमारे ४३ टक्के, कर्नाटकात सोळा-सतरा टक्के, महाराष्ट्रात चौदाच्या आसपास. बायकांचं चित्र याहून बोलकं आहे. तेलंगणात सुमारे सात टक्के, कर्नाटकात एक टक्क्याच्या आत, महाराष्ट्रात अर्ध्या टक्क्याच्याही आत.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की हे आकडे अख्ख्या राज्यांचे आहेत, सीमेवरच्या तालुक्यांचे नाहीत. कबूल. म्हणून त्यावरून जहीराबाद आणि बिदर यांच्यातला फरक टक्क्यांत सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप, की लोक खरं सांगत नाहीत. हेही खरं, आणि जिथे पिणं लाजिरवाणं तिथे बायका तर नाहीच सांगणार. पण ४३ आणि १७ यांच्यातली दरी नुसत्या खोटं बोलण्याने पडत नाही. शिवाय लाज हीसुद्धा रक्तातून येत नाही. परवाना, अंतर, किंमत, आणि दुकानात बाईने बसणं चालतं की नाही, या गोष्टी जनुकांना हात न लावता पिणाऱ्यांची संख्या दुप्पट-तिप्पट करू शकतात, एवढं मान्य करायला हे आकडे पुरेसे आहेत.

मग रक्ताचं काय? जुळ्यांवरचे आणि दत्तक मुलांवरचे अभ्यास गेली पन्नास वर्षं एकच गोष्ट सांगत आलेत. दारूचं व्यसन जडण्याच्या शक्यतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळजवळ निम्मा आनुवंशिक आहे. आपल्याच राज्यातला पुरावाही आहे. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विवेक बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मद्यपींच्या पुरुष नातेवाइकांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. अनपेक्षित आवाज कानावर पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या सुमाराला एक लहर उमटते, तिला पी-३०० म्हणतात. घराण्यात मद्यपी जितके जास्त, तितकी ही लहर बुटकी निघाली. २००७ मध्ये त्याच संस्थेतल्या दुसऱ्या अभ्यासात, अशा घरातल्या पण स्वतः कधीच न प्यायलेल्या तरुणांच्या मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य कमी आढळलं. ज्यांच्यात उतावीळपणा, धसमुसळेपणा अधिक, त्यांच्यात अधिक कमी. म्हणजे दारूचा थेंब पोटात जाण्याआधीच काहीतरी वेगळं होतं. वारसा मिळतो तो बहुतेक या उतावळ्या, तोल सांभाळायला उशीर करणाऱ्या स्वभावाचा. दारूचा असा वारसा नसतो.

अमेरिकेत मार्क शुकिट यांनी दाखवलेली गोष्ट तर आपल्या गावगप्पांच्या अगदी उलट जाते. मद्यपींच्या मुलग्यांना मोजूनमापून दारू दिली, तर त्यांतल्या बऱ्याच जणांना ती कमी चढते. आणि ज्यांना कमी चढते, तेच पुढे अधिक प्रमाणात व्यसनी होतात. चार पेले रिचवून सरळ चालणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं, ‘पचवतो’ म्हणून पाठ थोपटली जाते. खरा धोका त्यालाच असतो. दोन घोटांत डोकं गरगरून उलटी करणारा माणूस सहसा पुढे जातच नाही. पूर्व आशियातल्या कोट्यवधी लोकांत दारूचं विघटन अर्ध्यावर अडवणारा एक जनुकबदल असतो. पिताच चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि त्यांचा व्यसनापासून बऱ्यापैकी बचाव होतो. हा बदल आपल्याकडे दुर्मीळ आहे.

इथे एक सावधगिरी हवी. १९९० मध्ये डोपामिनच्या एका ग्राहीशी (रिसेप्टरशी) निगडित जनुकखूण सापडली आणि ‘दारूचं जनुक मिळालं’ असा गाजावाजा झाला. नंतरच्या अभ्यासांत तो दावा डळमळला. ती खूण मुळात शेजारच्या दुसऱ्याच जनुकात निघाली. आता शास्त्रज्ञ शेकडो जनुकांबद्दल बोलतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एका रक्ततपासणीत मुलाचं भविष्य सांगू म्हणणाऱ्या प्रयोगशाळेपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

निम्मा वाटा आनुवंशिक, म्हणजे निम्मं नशीब ठरलेलं, असा अर्थ काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि का, ते स्वीडनच्या जुळ्यांनी दाखवलं. केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबाखूच्या सवयीचा हिशेब मांडला. पुरुषांत आनुवंशिक वाटा सगळ्या पिढ्यांत साठ टक्क्यांच्या आसपास होता. १९२५ पूर्वी जन्मलेल्या बायकांत तो जवळजवळ शून्य, आणि १९४० नंतर जन्मलेल्या बायकांत पुरुषांइतकाच. वीस-पंचवीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलली ती रीत. बाईने सिगारेट ओढणं जोवर वर्ज्य होतं, तोवर जनुकांना बोलायला जागाच नव्हती. बंधन सैलावलं आणि त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. सीमेवरच्या तीन राज्यांतल्या बायकांचे आकडे या नजरेने वाचले, तर भालकीच्या बाईचं रक्त नारायणखेडच्या बहिणीपेक्षा शुद्ध आहे असं कुणी म्हणणार नाही. आणि ईडिगा झाडावर चढायचा म्हणून त्याच्या जनुकांत शिंदी शिरली, असं तर मुळीच नाही.

आता पेल्याकडे येऊ, कारण आपल्या परिसरात खरी गोम तिथे आहे. शिंदीच्या झाडाचा रस आंबला की त्यात चार-पाच टक्के मद्यार्क होतो, बिअरइतपत. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त, म्हणून रसात पाणी पडतं. पाण्याने किक जाते, म्हणून पावडर पडते. तेलंगणात तिला नुसतं ‘सीएच’ म्हणतात. सीएच म्हणजे क्लोरल हायड्रेट, १८६९ पासून युरोपात झोपेसाठी दिलं गेलेलं औषध. त्याच्या जोडीला डायझेपाम आणि अल्प्राझोलम या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आल्या. दारू, क्लोरल आणि या गोळ्या रसायन म्हणून एकमेकांच्या नात्यातल्या नाहीत, पण मेंदूत तिघांचा मुक्काम एकच, गाबाची ग्राही. गाबा पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. बाहेरून रोज शांतता ओतली जाऊ लागली की मेंदू हिशेब जुळवतो. गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटची बाजू वाढवतो. दार आतून जोर लावून धरलेल्या माणसाच्या समोरचा रेटा एकाएकी जावा आणि तो तोंडघशी पडावा, तसं मग पुरवठा थांबला की होतं. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, चहाचा कप तोंडापर्यंत जात नाही, कपाळावर घाम. रात्र जागून जाते. दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात. तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसतात, माणूस त्या अंगावरून झटकत राहतो, घरच्यांना ओळखत नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात अधिकाऱ्यांनी भेसळीच्या ताडीवर धडक कारवाई केली आणि निजामाबाद, मेदक, महबूबनगरच्या दवाखान्यांत हेच चित्र शेकडो रुग्णांत एकदम दिसलं. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. काहींना भूतबाधा झाली असं घरच्यांना वाटलं. मेदक आणि निजामाबाद हे जिल्हे तेव्हा बिदरच्या कुंपणालाच लागून होते. एवढी माणसं एका आठवड्यात आजारी पडली, तेव्हा त्या सगळ्यांच्या वंशावळीत दोष होता का? शरीराची ही सवय कुणाच्याही मेंदूला लागते, पुरेसा डोस पुरेसे दिवस मिळाला की झालं. जनुकं फारतर कुणाला आधी झटका येईल एवढं ठरवत असतील. व्यसन आणि शरीराची सवय या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून येतात, पण त्या एक नव्हेत. त्या रुग्णांतल्या अनेकांना तर आपण गोळ्या खातोय हे ठाऊकही नव्हतं.

‘व्यसनाला मेंदूचा आजार म्हटलं की माणसाची जबाबदारी संपली’, ही तक्रार बायकांकडून येते तेव्हा ती हलक्यात घेऊ नये. मार त्यांनी खाल्लेला असतो. पण मेंदू बदलला म्हणजे माणूस बांधला गेला, असं पुरावा सांगत नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के हेरॉइनच्या अधीन झाले होते. ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला, तर मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले त्यांच्यापैकी पाच टक्क्यांच्या आसपासच निघाले. मेंदू तोच, माणूस तोच. गल्ली बदलली, सोबत बदलली, माल सहज मिळेना. मग बंदीच करावी का? पुरवठा तोडला की नवे पिणारे कमी होतात, हे मी मानतो. जुन्यांचं काय होतं, ते २०१५ ने दाखवलं. शिवाय भालकीत शिंदी बंद आहे आणि जहीराबाद फार दूर नाही. धाड घालणारं खातं आणि खाट देणारं खातं यांनी एकमेकांशी आधी बोलायला हवं. दुकानाला कुलूप लागण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या पोचल्या पाहिजेत.

त्या गोळ्या कुठल्या, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. सवय सुटताना होणाऱ्या त्रासावर दिलं जाणारं मुख्य औषध डायझेपामच आहे, जे भेसळीत सापडतं तेच. फरक दिशेचा. दुकानात डोस कुणी मोजत नाही आणि तो वाढत जातो. दवाखान्यात तो मोजून सुरू होतो आणि दिवसागणिक उतरवला जातो, जेणेकरून मेंदूला गाबाची बाजू पुन्हा उभी करायला वेळ मिळावा. जोडीला जीवनसत्त्व ब-१ ची सुई, ग्लुकोजच्या बाटलीच्या आधी. याला मोठं इस्पितळ लागतंच असं नाही. १९८५ च्या सुमारास निमहान्सने, बिदर ज्या कल्याण कर्नाटकात आहे त्यातल्याच बळ्ळारी जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखायला आणि मोजकी औषधं द्यायला शिकवलं, आणि देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये त्याच नमुन्यावर उभा राहिला. औरादच्या डॉक्टरने थरथरत्या हातांच्या रुग्णाला ‘वडील प्यायचे का’ हे विचारावं, जरूर विचारावं. पण त्याआधी ‘शेवटचा पेला कधी, आणि सीमेच्या कुठल्या बाजूचा’ हे विचारावं, कारण फक्त दारू असेल तर डोस काही दिवसांत उतरवता येतो, आणि अल्प्राझोलम असेल तर कित्येक आठवडे लागतात.